तेहतीस पानांचं पत्र

मुलाच्या ऑटिझमच्या असेसमेंटआधी जो फॉर्म भरायला देतात, त्यातला एक प्रश्न मी तीन दिवस कोरा ठेवला होता. प्रश्न साधा होता. मूल तुम्हाला काही दाखवण्यासाठी बोट करतं का? पुढे दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही'.

नवरा म्हणाला, "यात एवढं अडण्यासारखं काय आहे?" मी पेन त्याच्या हातात दिलं. मग तोही अडला.

मुलगा तेव्हा २८ महिन्यांचा होता. बोट करत नसे, हे खरं. पण तो माझं मनगट धरायचा. हात धरत नसे, मनगटच. चिमटीत धरून मला कपाटापाशी न्यायचा आणि माझा पंजा कपाटाच्या मुठीवर नेऊन ठेवायचा, कुलपाला किल्ली लावावी तसा. तेवढ्या वेळात एकदाही माझ्या तोंडाकडे बघायचा नाही. कपाट उघडलं की मनगट सुटलं. आता हे 'हो' की 'नाही'? आपल्याला काय हवंय ते तो सांगत तर होता. फक्त माझ्याशी न बोलता माझ्या हाताशी बोलत होता.

बोट करण्यातही दोन जाती असतात, हे मला पुढे कळलं. एक बोट 'ते दे' म्हणतं. दुसरं 'ते बघ' म्हणतं. वर्ष-सव्वा वर्षाचं मूल आकाशातल्या विमानाकडे बोट करतं तेव्हा त्याला विमान नको असतं. आपल्याला दिसलं ते आईलाही दिसावं, एवढंच असतं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी वीस प्रश्नांची जी चाळणी वापरतात, तिच्यात या दोन बोटांसाठी दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण बोट केलं तर मूल तिकडे बघतं का, हा तिसरा. म्हणजे वीसातले तीन प्रश्न एका बोटासाठी! मी आई होते आणि आपल्या मुलाच्या तर्जनीकडे असं निरखून कधी पाहिलंच नव्हतं.

शेवटी मी चौकोन सोडून समासात लिहायला लागले. समास संपल्यावर पाठकोऱ्या बाजूवर. मग वहीची पानं फाडून जोडली. शेजारच्या खोलीतल्या पंख्याचा वेग कोणी कमी केला तर हा झोपेत मान वळवतो, पण नावाने सात हाका मारल्या तरी ढिम्म. वॉशिंग मशीनसमोर मांडी घालून बसतो, आणि ड्रम थांबायच्या बरोबर आधी उठून जातो. थांबलेला त्याला बघवत नाही. अंगावर थेंब उडाला तर आख्खा शर्ट काढतो. रात्री कधीतरी आपणहून येतो आणि माझ्या कोपराची मऊ कातडी दोन बोटांत धरून झोपतो. असं करता करता नऊ पानं झाली. फॉर्म देताना ओशाळल्यासारखं झालं. खिडकीपलीकडच्या बाईंनी गठ्ठा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "एवढं?"

आता वाटतं, ओशाळायचं काही कारण नव्हतं. ऑटिझमचा आपल्याला माहीत असलेला इतिहास मुळात एका बापाच्या अशाच गठ्ठ्यापासून सुरू होतो. १९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावातल्या एका वकिलाने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना पत्र धाडलं. टाइप केलेलं, ओळींत जागा न सोडता, ३३ पानांचं. विषय एकच, त्याचा पाच वर्षांचा मुलगा डोनाल्ड. हा वर्षाचा असताना कितीतरी चाली अचूक गुणगुणायचा. बाप कामावरून घरी आला तर त्याच्या ते गावीही नसायचं. वस्तू गरगर फिरवत बसायचा आणि कोणी मध्ये पडलं तर आकांत करायचा. एकटा सोडला की सगळ्यात सुखात असायचा. कॅनर यांनी १९४३ साली जो शोधनिबंध लिहिला त्यात अकरा मुलं आहेत, आठ मुलगे आणि तीन मुली. पहिलं प्रकरण डोनाल्डचं, आणि त्यातला कितीतरी तपशील बापाच्या पत्रातून उतरलेला आहे.

(न्यायाने सांगायचं तर कॅनर यांच्याही सतरा वर्षं आधी, १९२६ साली, मॉस्कोतल्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी अशाच सहा मुलग्यांचं बारीक वर्णन छापलं होतं. ते कित्येक दशकं कोणी फारसं उघडून पाहिलं नाही.)

त्या वकिलाला कोणी हो-नाहीचे चौकोन दिले नव्हते, हे बरंच झालं म्हणायचं.

आम्हाला या फॉर्मपर्यंत पोचायलाच दहा महिने लागले होते. दीड वर्षाचा असताना मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हाच्या डॉक्टरांनी हसून सांगितलं की मुलगे उशिराच बोलतात, तुम्ही फार वाचता. मी वाचणं बंद केलं. हा माझा गाढवपणा. वाट बघायला सांगणारा माणूस प्रेमळ असला की आपण त्याचं लगेच ऐकतो, कारण आपल्यालाही तेच ऐकायचं असतं. मग कानांची तपासणी झाली, कारण हाकेला ओ न देणाऱ्या मुलाला आधी ऐकू येतं ना, ते बघतातच. कान ठणठणीत निघाले. ज्या दिवशी कान चांगले असल्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी मी रडले, हे कोणाला समजावून सांगायची सोय नाही.

ऑटिझम रक्तात सापडत नाही की स्कॅनमध्ये दिसत नाही. तो बघावा लागतो, आणि आईबापांकडून ऐकावा लागतो. बघण्याचीही एक पद्धत आहे. १९८९ साली कॅथरीन लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा पाया घातला. त्यात लहान मुलांसाठी साबणाचे फुगे असतात आणि एका बाहुलीचा वाढदिवस असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, एक बाई एका मुलाशी खेळताहेत. प्रत्यक्षात त्या दर मिनिटाला काहीतरी मुद्दाम करत असतात किंवा मुद्दाम करायचं टाळत असतात.

बाहुलीच्या वाढदिवसाला आमचा मुलगा गेला नाही. तो खोलीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीची चाकं फिरवत बसला. मग बाईंनी फुगे सोडले. तो आला. हवेत एकही फुगा उरला नाही तेव्हा बाई बाटली मांडीवर धरून नुसत्या बसल्या. ही खरी परीक्षा. मूल फुग्याच्या बाटलीकडे बघतं, मग माणसाकडे, मग परत बाटलीकडे. त्या तीन नजरांमध्ये आख्खं वाक्य असतं. याने बाटलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठून बाईंचं मनगट धरलं.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मला उलट्या बाजूने वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलं असणार ते माहीत होतं. माझ्या गठ्ठ्यातलं पहिलं पान माझ्यासमोर उभं होतं. आणि तरीही मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, त्याने तुम्हाला धरलं! ओळख ना पाळख, पहिल्या अर्ध्या तासात! तो कोणालाही असा धरत नाही!

रिपोर्ट अकरा पानांचा आला. त्यात निदान होतं, आधाराची गरज सांगणारी लेव्हल होती, थेरपींची यादी होती. चूक त्यात काहीच नव्हती. पण शब्द असे होते: 'अभाव', 'मर्यादित', 'वयानुरूप नाही', 'दिसून आले नाही'. अकरा पानांभर जे नाही तेच. मनगटाबद्दल लिहिलं होतं की दुसऱ्याच्या हाताचा साधन म्हणून वापर. ते खरंच आहे. कोपराबद्दल काही नव्हतं, कारण कोपर त्या फॉर्ममध्ये कुठे बसतच नाही.

मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. मदत उणिवांवर मोजून मिळते, त्यामुळे रिपोर्ट उणिवांच्याच भाषेत लिहावा लागतो. जो डॉक्टर दयेपोटी दोन उणिवा कमी लिहील तो मुलाचं नुकसानच करील. हे मला समजतं. तरी ज्यांना असा रिपोर्ट हातात मिळेल त्यांना माझं सांगणं आहे की तो वाचून झाल्यावर आपली स्वतःची पानं काढून वाचा. आम्ही दोघं त्या रात्री तेच केलं. नवरा मोठ्याने वाचत होता. पंख्याच्या पानावर तो थांबला आणि म्हणाला, "पण हे तर मलाही होतं." मी म्हटलं, सगळ्यांनाच थोडं थोडं असतं. हे वाक्य लोकांच्या तोंडून ऐकून मला पुढे किती संताप येणार होता, ते तेव्हा माहीत नव्हतं. ते मी त्याला सहज म्हणून गेले.

शब्दांचं निघालंच आहे तर आणखी एक. मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द देखणा आहे आणि मुळाला धरून आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ग्रीक भाषेतल्या 'स्वतः'पासूनच १९११च्या सुमारास 'ऑटिझम' हा शब्द घडवला, आणि तोही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दल बोलताना. पण माझ्या घरातल्या मुलाला 'स्वमग्नता' काही केल्या बसत नाही. स्वतःत बुडालेल्याला दुसऱ्या खोलीतला पंखा ऐकू येईल? ट्यूबलाइटचा घूं घूं आवाज, शर्टाच्या लेबलचा काठ, कोणीतरी लांबवर ओढलेली खुर्ची, सगळं याच्या आत एकदम घुसतं, आणि त्यातलं काय बाजूला सारायचं हे त्याला कोणी ठरवून देत नाही. याला दार लावून घेता येत नाही, हीच तर अडचण आहे. २०१३ साली अमेरिकेतले निदानाचे निकष नव्याने लिहिले गेले तेव्हा आवाज, स्पर्श, उजेड यांचं अती किंवा कमी जाणवणं पहिल्यांदा त्यांत रीतसर आलं. घरोघरच्या आया हे कधीपासून सांगत असणार. मी बोलताना ऑटिझमच म्हणते. शब्द परका आहे, पण निदान तो मराठी कानाला आधीच काही अर्थ सांगून मोकळा होत नाही.

नातेवाइकांबद्दल फार लिहीत नाही. काहींनी फोन केले, काहींनी करायचे थांबवले. एकाने लसीमुळे ऑटिझम होतो, असं काढलं. त्याला मी सांगितलं की ज्या निबंधावरून हे उठलं तो १९९८ साली बारा मुलांवर लिहिलेला होता, छापणाऱ्या 'लॅन्सेट'ने २०१० साली तो मागे घेतला, आणि लिहिणाऱ्याचा डॉक्टरकीचा परवाना त्याच वर्षी गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासून २०१९ साली पुन्हा एकदा उत्तर आलं, संबंध नाही. तो म्हणाला, "तरीपण." या 'तरीपण'ला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी आता शोधतही नाही.

मग आधाराचा शोध. हा भाग बाहेरच्यांना वाटतो तसा नसतो. त्यांना वाटतं, निदान झालं, आता उपचार. आणि घरचे तोवर प्रतीक्षा यादीत असतात. स्पीच थेरपीची यादी निराळी, ऑक्युपेशनल थेरपीची निराळी. प्रत्येक ठिकाणी नवा फॉर्म आणि प्रत्येक फॉर्ममध्ये गर्भारपणापासून सुरुवात. बाळ वेळेवर रडलं का? मान कधी धरली? पहिला शब्द कोणता? मी ही सगळी माहिती एका पानावर टाइप करून तिच्या वीस प्रती काढून ठेवल्या. मिळालेल्या सल्ल्यांत सगळ्यात उपयोगी हाच, आणि तो दिला प्रतीक्षालयात शेजारी बसलेल्या एका आईने.

एका शाळेने सांगितलं, "तो एका जागी बसायला लागला की आणा." म्हणजे पोहायला यायला लागलं की पाण्यात उतरा.

उपयोग कशाचा झाला, तर मोठ्या नावाच्या गोष्टींपेक्षा लहान गोष्टींचा जास्त. दाराजवळ एक पट्टी लावली, तिच्यावर दिवसाची चित्रं, झालं की चित्र काढून डब्यात टाकायचं. त्याचा निम्मा आकांत पुढे काय होणार ते न कळण्याचा होता, हे डब्याने आम्हाला शिकवलं. गर्दीत कानांवर आवाज अडवणारे हेडफोन. शर्टांची लेबलं उसवली. आणि मागण्यासाठी चित्रांची कार्डं. कार्ड हातात दिलं की वस्तू मिळते. ही पद्धत १९८५ साली अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी अशाच न बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली होती. कार्डं दिली तर हा बोलायचाच नाही, असं सासूबाईंना वाटत होतं. मलाही वाटत होतं, पण मी बोलून दाखवत नव्हते. अभ्यासांत ही भीती खरी ठरलेली नाही. आमच्या घरात तर तिसऱ्या महिन्यात त्याने कार्ड माझ्या हातात दिलं, माझी मूठ मिटली आणि माझ्याकडे पाहिलं. मनगट मोकळं होतं.

बोलणं आलं ते वेगळ्याच दारातून. लिफ्टच्या.

आमच्या इमारतीतली लिफ्ट दर वेळी सांगते, 'दरवाजे बंद होत आहेत.' साडेतीन वर्षांचा असताना त्याने हे आख्खं वाक्य म्हटलं, त्याच बाईच्या आवाजात, त्याच ठेक्यात. आधी तो लिफ्टमध्येच म्हणायचा. मग घरात म्हणायला लागला. पाहुणे आले, दहा मिनिटं झाली, की 'दरवाजे बंद होत आहेत.' मी त्याचे केस विंचरत बसले, 'दरवाजे बंद होत आहेत.' ऐकणारे हसायचे, पोपटपंची म्हणायचे. पूर्वी तज्ज्ञही असंच काहीसं समजायचे आणि असं बोलणं मोडून काढायला बघायचे. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ ड्यूकन यांनी १९८१ साली अशा मुलांचं प्रतिध्वनीसारखं बोलणं नीट ऐकून दाखवून दिलं की त्यामागे बहुतेकदा काहीतरी काम असतं. होकार असतो, मागणं असतं, बोलण्यातली आपली पाळी सांभाळणं असतं. आमच्याकडे त्याचा अर्थ सरळ होता. पुरे झालं. आता मला बाहेर राहू द्या.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी ते वाक्य मोडलं नाही. त्या म्हणाल्या, "त्याच्याकडे 'पुरे' आहे. आता आपण त्याला 'अजून' देऊ." ते द्यायला पाच महिने लागले.

डेमियन मिल्टन हे ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी २०१२ साली मांडलं की समजण्यातली ही दरी दोन्ही बाजूंनी असते. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हणणाऱ्यांना तरी त्याचं कुठे कळतं? मी हे वाचलं तेव्हा मला पाहुण्यांच्या आधी लिफ्ट आठवली. आख्खं वर्ष तो सांगत होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

आता नवऱ्याचं. 'पण हे तर मलाही होतं' हे वाक्य त्या रात्री मी उडवून लावलं, पण त्याने ते मनातून काढलं नव्हतं. मुलाच्या प्रत्येक नव्या फॉर्मबरोबर तो जरा जास्त गप्प होत गेला. एकदा थेरपी सेंटरमधून घरी येताना म्हणाला, "तुला माहितीये, कोणाच्या घरी जायच्या आधी मी तीन वाक्यं तयार ठेवतो." मला माहीत नव्हतं. बारा वर्षं लग्नाला. मी विचारलं, कुठली? त्याने म्हणून दाखवली. तिन्ही माझ्या ओळखीची होती. मला ती आवडायचीसुद्धा. "आणि निघायचं असलं की?" मी विचारलं. तो म्हणाला, "'चला, तुम्हालाही कामं असतील.' हे कॉलेजात असताना एका सरांकडून उचललं."

गाडी मी चालवत होते. मागे मुलगा खिडकीला डोकं लावून झोपला होता. मी म्हटलं, दरवाजे बंद होत आहेत. नवरा आधी हसला आणि मग बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला.

मोठ्या माणसाचं असेसमेंट म्हणजे आणखी लांब रांग. आणि तिथे गेल्यावर पहिलं काय मागतात, तर लहानपण. ऑटिझमचं मूळ बालपणात दिसायला हवं असतं, म्हणून शक्य असेल तर लहानपणी पाहिलेल्या माणसाला बोलवा म्हणतात. ४१ वर्षांच्या माणसाला सांगायचं की आईला घेऊन ये.

सासूबाई आधी चिडल्या. "काहीतरीच! नोकरी आहे, संसार आहे, कुठे काय अडलंय याचं?" मग म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." यातलं दुसरं वाक्य एका अर्थाने बरोबर होतं. अमेरिकेतल्या निदानाच्या प्रमुख पुस्तिकेत ऑटिझमला स्वतःचं पान मिळालं ते १९८० साली, आणि तेही मुख्यतः अगदी जड लक्षणं असलेल्या लहान मुलांपुरतं. व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी घडाघडा बोलणाऱ्या, हुशार पण जमवून न घेता येणाऱ्या मुलांबद्दल १९४४ सालीच लिहिलं होतं, पण ते जर्मनमध्ये पडून राहिलं. इंग्रजी वाचणाऱ्यांपुढे ते ठळकपणे आणलं लंडनच्या लॉर्ना विंग यांनी, १९८१ साली. त्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि एका ऑटिस्टिक मुलीच्या आई. अ‍ॅस्पर्गर यांच्या नावाचं निदान अमेरिकन पुस्तिकेत शिरेपर्यंत १९९४ उजाडलं. नवरा तेव्हा दहा वर्षांचा होता आणि वर्गात पहिला येत होता. त्याच्याकडे कोण कशाला बघतंय?

तरी त्या आल्या. मानसतज्ज्ञ बाईंसमोर पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. पहिली पंधरा मिनिटं त्यांनी एकच सांगितलं, फार गुणी होता, कधी त्रास दिला नाही. बाईंनी विचारलं, "एकटा असला की काय करायचा?"

"घड्याळं," सासूबाई म्हणाल्या.

घरात तेव्हा पाच घड्याळं होती. हा सहा वर्षांचा असल्यापासून रोज शाळेतून आल्यावर स्टूल घेऊन पाचही जुळवायचा. एखादं दोन मिनिटं मागे असलं तर त्याला जेवण जायचं नाही. एकदा घरी कोणी आजारी असताना त्या स्टूल आवरून ठेवायला विसरल्या... नाही, विसरल्या नाहीत, त्यांनी ते मुद्दाम लपवलं होतं, कारण आल्यागेल्यांसमोर लाज वाटली. तो तासभर भिंतीपाशी उभा राहून थरथरत होता. "मी त्याला मारलं," त्या म्हणाल्या. "हट्ट समजले मी." पस्तीस वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही आठवत नव्हतं. त्याला फक्त एवढं आठवत होतं की एकदा स्टूल सापडलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "अगं, माझ्याच हातून काही झालं असेल का?"

हा प्रश्न आयांच्या तोंडी कसा आला, त्यालाही इतिहास आहे आणि तो रागाने मुठी आवळाव्यात असा आहे. खुद्द कॅनर यांनीच १९४९ साली लिहिलं की या मुलांचे आईबाप थंड आहेत, आणि ही मुलं जणू कधी बर्फ न वितळणाऱ्या फ्रिजमध्ये नीट ठेवल्यासारखी वाढली. तिथून 'फ्रिज माता' हा शब्दप्रयोग निघाला. शिकागोचे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली आईवरच्या या आरोपाचं आख्खं पुस्तक केलं. ज्या बापाने आपल्या मुलावर ३३ पानं लिहिली, त्या घराला थंड ठरवायचं! १९७७ साली सुसन फोल्स्टिन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चारांत दोघांनाही ऑटिझम होता, दुसऱ्या प्रकारच्या १० जोड्यांत एकातही नाही. पुढचे अभ्यास पुष्कळ मोठे झाले आणि त्यांनी तेच पक्कं केलं, की यात अनुवंशाचा वाटा फार मोठा आहे. कॅनर यांनीही १९६९ साली पालकांच्या एका सभेत उभं राहून आईबापांना या आरोपातून मुक्त करत असल्याचं जाहीर केलं. वीस वर्षांनी. तोवर किती आया तसंच मनात घेऊन गेल्या असतील.

मी सासूबाईंना यातलं फ्रिजचं सांगितलं नाही. जुळ्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्याकडून आलं, पण माझ्यामुळे झालं नाही." एवढं नेमकं मला कुठल्या डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

नवऱ्याचं निदान सात महिन्यांनी झालं. त्याने रिपोर्ट वाचला, कपाटात ठेवला आणि तीन आठवडे त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. चौथ्या आठवड्यात एका घरगुती समारंभाचं बोलावणं आलं, तेव्हा तो म्हणाला, "मी एक तास येईन. मग मी गाडीत बसेन, तू आरामात ये." एवढंच. सुटका वाटली की दुःख, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "चिडचिड. इतकी वर्षं मी उगाच दमत होतो."

मुलगा आता आठ वर्षांचा आहे. तो किती बोलेल, कुठवर शिकेल, आमच्यामागे कसा राहील, हे प्रश्न रात्री येतात आणि त्यांना चौकोन नाहीत. अशा रात्री मला डोनाल्डचं पुढचं आयुष्य आठवायला आवडतं. लहानपणी त्याला एका संस्थेत ठेवलं होतं, तिथून आईबापांनी त्याला घरी परत आणलं होतं. तो मोठा झाला, कॉलेजात गेला, गावातल्या बँकेत त्याने नोकरी केली, गाडी चालवली, रोज गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी फिरला. गावाने त्याला सांभाळून घेतलं. २०२३ साली तो गेला तेव्हा ८९ वर्षांचा होता. त्याच्या घरी पैसा होता आणि गाव लहान होतं, हेही मला दिसतं. सगळ्यांचं तसं होत नाही. पण कॅनर यांच्या निबंधातलं ते पहिलं प्रकरण असं संपलं, हे माहीत असणं मला पुरतं.

वही अजून चालू आहे. त्या नऊ पानांच्या आता चार वह्या झाल्या. नवी शिक्षिका आली, थेरपिस्ट बदलल्या, की त्यांना रिपोर्टबरोबर तिच्यातली निवडक पानं देते. पूर्वी मीच लिहायची. मग नवरा लिहायला लागला, त्याचं अक्षर छापल्यासारखं आणि वाक्यं आखूड. गेल्या महिन्यात मी चार दिवस घरी नव्हते. परत आल्यावर वही उघडली तर त्या चार दिवसांवर तिसरंच अक्षर होतं, तिरकं, जुन्या वळणाचं.

'मंगळवार. हॉलमधलं घड्याळ बंद पडलं होतं. मला कळलंच नाही. दोघं एकदमच उठले. स्टूल मी धरलं.'